‘नाळे बा’ म्हणणारी मंडळी

कर्नाटकात एके काळी गावोगाव दारांवर खडूने नाहीतर कोळशाने ‘नाळे बा’ लिहिलेलं दिसायचं. नाळे बा, म्हणजे उद्या ये. रात्री दार वाजवणारी हडळ ते वाचते, मुकाट परत जाते, दुसऱ्या रात्री येऊन पुन्हा तेच वाचते आणि तिचा तो उद्या काही उजाडत नाही, अशी समजूत. आम्ही ख्रिस्ती घरातली पोरं या प्रकाराला हसायचो. आमच्या दारावर वचनाचं कॅलेंडर होतं, आम्हाला कसली आलीय हडळ? पुढे मोठेपणी बायबलातल्या नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय वाचताना अठ्ठाविसाव्या वचनाशी मात्र मी अडखळलो. द्यायला जवळ असताना शेजाऱ्याला ‘जा, पुन्हा ये, उद्या देईन’ असं म्हणू नको, असं तिथं सांगितलंय. अक्षरशः नाळे बा. दारात हडळ तेवढी नाही, घेणेकरी उभा आहे.

अडखळलो, कारण आदल्याच नाताळात ते दोन शब्द मी स्वतः उच्चारले होते. तेव्हा मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो. सणाच्या तोंडावर कंपाऊंडची भिंत बांधून घेतली. गवंडी बैलहोंगलकडचा, मराठी समजणारा पण बोलायची वेळ आली की कन्नडवर येणारा. काम चोख. त्याचे साडेसहा हजार बाकी राहिले. त्याच आठवड्यात नवी साउंड सिस्टीम आली, तिचे पैसे रोख मोजले, कारण दुकानदार उधारीवर द्यायला तयार नव्हता. गवंडी दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो रविवारी, ऐन भक्तीच्या वेळी. आत उपकारस्तुतीचं गाणं रंगात आलेलं, नव्या स्पीकरचा आवाज पार रस्त्यापर्यंत. तो त्याच भिंतीच्या सावलीला उभा होता आणि बोटाने एका ठिकाणी उडालेला रंग चाचपत होता. मी बाहेर जाऊन म्हटलं, ‘नाळे बा.’ तो रागावला नाही. त्याने शांतपणे विचारलं, ‘सर, नाळे अंद्रे याव नाळे?’ उद्या म्हणजे कुठला उद्या?

पैसे त्याला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाले.

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या खटपटीतून लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात आम्ही ख्रिस्ती लोक मूठभर आहोत. मूठभरांना आपलं अस्तित्व दाखवावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण गेल्या काही वर्षांत आम्ही ते दाखवायचा जो मार्ग धरलाय तो ‘स्तुती-आराधनेचा’, आणि स्तुती-आराधना म्हणजे माइक, कीबोर्ड, वर केलेले हात आणि दर दोन वाक्यांमागे ‘प्रेझ द लॉर्ड’, असा अर्थ होऊन बसलाय. माझं म्हणणं असं की बायबलात स्तुतीची जागा बाजारात, काट्याशेजारी, मजुरी देण्याच्या टेबलाजवळ आहे. तिथं ती खरी ठरली तरच देवळातल्या गाण्याला अर्थ. बायबल ज्याला ज्ञान म्हणतं, म्हणजे रोजच्या व्यवहारातलं शहाणपण, ते आणि स्तुती यांची आम्ही फारकत केली आहे, आणि शेजारच्या लोकांना ती आमच्याआधी दिसते.

स्तोत्रसंहिता हे तर स्तुतीचंच पुस्तक. दीडशे स्तोत्रं, शेवटची पाच तर हालेलूयाने सुरू होऊन हालेलूयानेच संपणारी. त्याच पुस्तकातलं पंधरावं स्तोत्र काढून बघा. परमेश्वराच्या मंडपात राहायचा अधिकार कुणाला, असा प्रश्न आहे. उत्तरात गाण्याचा एक शब्द नाही. मनापासून सत्य बोलणारा, शेजाऱ्याची निंदा न करणारा, शपथ घेतली आणि त्यात स्वतःचं नुकसान दिसलं तरी न फिरणारा, व्याजाने पैसा न लावणारा, निर्दोष माणसाविरुद्ध लाच न घेणारा. सोसायटीच्या कर्जाचा फॉर्म वाचतोय की काय असं वाटावं. गायनमंडळात कोण बसणार हे ठरवायला आम्ही कधी हे स्तोत्र वापरलंय का? सूर लागतो की नाही तेवढं बघतो.

दुसरं उदाहरण आमच्या बायकांना तोंडपाठ असतं, कारण मदर्स डेला आणि अंत्यविधीला हमखास तेच वाचतात. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय, सद्गुणी स्त्रीचा. अंधार असताना उठते, घरच्यांना अन्न देते, शेत पारखून विकत घेते, सूत कातते, कापड विकते, गरिबाला हात देते. वाचताना आम्ही भर देतो तिच्या पहाटे उठण्यावर, जणू हे सुनेसाठी लिहिलेलं वेळापत्रक आहे. (शेत ‘विकत घेते’ या शब्दांपाशी पाळकसाहेबांचा आवाज जरा खाली येतो, असं माझं निरीक्षण.) पण अध्याय संपतो कुठे? तिची कृत्येच वेशीत तिची प्रशंसा करोत, इथे. वेस म्हणजे त्या काळचा बाजार, कोर्ट आणि ग्रामपंचायत एकाच जागी. शेताचा व्यवहार व्हायचा तिथे, तंटा तुटायचा तिथे. पुस्तक लिहिणाऱ्याने स्तुती नेऊन ठेवली ती तिथे.

आता काट्याचं बोलू. नीतिसूत्रांत वजनमापाचा विषय एकदा नाही, चारदा येतो. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे अकराव्या अध्यायाचं पहिलंच वाक्य. विसाव्यात दोन तऱ्हेची वजनं आणि दोन तऱ्हेची मापं यांवर पुन्हा दोन वचनं आहेत. आणि सोळाव्यात तर थैलीतली सगळी वजनं ही त्याचीच करणी आहे असं म्हटलंय. वजनं तेव्हा दगडाची असत, व्यापारी ती थैलीत घालून हिंडत. दोन थैल्या बाळगणारेही असत, घ्यायची वेगळी, द्यायची वेगळी. आमच्या ऊसपट्ट्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. ‘काटामारी’ हा शब्द अथणी-चिक्कोडीच्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. गळीत हंगाम सुरू झाला की चहाच्या टपरीवर पहिला विषय तोच. आणि पैशाचं म्हणाल तर, ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळालं पाहिजे, न मिळाल्यास १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. किती शेतकऱ्यांनी ते व्याज डोळ्याने पाहिलंय, हे ज्याचं त्याने आठवावं. आम्ही मंडळीतले लोक कारखान्याला नावं ठेवण्यात पुढे. गवंड्याचे साडेसहा हजार किती दिवस अडवले याचा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. नंतर केला. १४ च्या वर होते.

माझी आज्जी खानापूरकडचा तांदूळ आणून बाजारात विकायची. तिच्याकडे पितळी शेर होता, कडेला एक पोचा आलेला. तांदूळ शेरात ओतला की ती तळहाताने दाबायची, शेर पाटावर दोनदा आपटायची, मग वर शीग चढवायची, आणि ती शीग घरंगळत गिऱ्हाइकाच्या पदरात गेली तर जाऊ द्यायची. आसपासचे दुकानदार तिला वेडी म्हणत, कारण दाबून-आपटून मापायचं ते विकत घेताना. विकताना शेर अलगद भरायचा आणि वरून हात फिरवून सपाट करायचा, ही रीत. लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की चांगलं माप दाबून, हालवून, शीग भरून तुमच्या पदरी घालतील. आज्जीला वाचता येत नव्हतं. ते वचन तिने ऐकलेलं होतं आणि तिला ते बाजाराबद्दलचं वचन वाटायचं, बस्स. मापताना ती पुटपुटत एखादं भजन म्हणायची. कुणी विचारलं असतं की आज्जी तू आता स्तुती करतेस की तांदूळ मापतेस, तर तिला प्रश्नच कळला नसता.

आता पितळी शेर गेला, डिजिटल काटा आला. त्यावरही मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा आतल्या कुंद्याच्या भावाने मोजता येतो, आणि तो मोजणारा रविवारी पुढच्या बाकावर बसलेला असू शकतो.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं असं की ज्ञान स्वतःच मोठ्याने हाक मारतं. खरं आहे, नीतिसूत्रांच्या पहिल्या आणि आठव्या अध्यायात ज्ञान ही एक बाई आहे आणि ती रस्त्यात, चव्हाट्यावर, वेशीच्या तोंडाशी उभी राहून ओरडते. मग आम्ही स्पीकर लावला तर बिघडलं कुठे? पण ती ओरडून सांगते काय ते ऐका की. माझ्या बोलण्यात वाकडंतिकडं काही नाही. रुप्यापेक्षा बोध घ्या. गर्दीच्या जागी जाऊन ती गर्दीलाच न आवडणारं बोलते. आमचा स्पीकर आमच्याविषयी बोलतो. शिवाय त्याच पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एक मजेदार वचन आहे: भल्या पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापात धरला जाईल. तीन हजार वर्षांपूर्वी व्हॉट्सअॅप नव्हतं, तरी पहाटे साडेचारला ग्रुपवर वचन टाकणारा माणूस होता असं दिसतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद केला तो सगळ्याच धर्मांसाठी. शलमोनाच्या या नीतिसूत्रांनी त्याआधीच केला होता.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. आमचे एक वडीलधारे सभासद म्हणाले, ‘हे सगळं नीतीचं झालं. खरं माप तर आमच्या गल्लीतला लिंगायत दुकानदारही देतो. त्याच्यात कायक आहे, म्हणजे काम हीच भक्ती, आणि दासोह आहे, म्हणजे कमाईतून इतरांना वाटणं. मग ख्रिस्ती असण्याचं विशेष ते काय राहिलं?’

मला वाटतं, शेजाऱ्याचं माप खरं आहे हे कबूल करायला आम्हाला जड जाऊ नये. नीतिसूत्रांनाही ते जड गेलेलं नाही. बाविसाव्या अध्यायाच्या मधल्या भागापासून जी वचनं येतात त्यांचं अमेनेमोपे नावाच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, ग्रंथाशी जवळचं नातं आहे, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखवलंय. इस्राएली लोक ज्या मिसरातून पळून आले त्याच मिसरातलं शहाणपण त्यांनी आपल्या पवित्र ग्रंथात येऊ दिलं. ज्ञानाला चेकपोस्ट नसतं. मग विशेष काय? विशेष हे की हिशेबी माणूस हळूहळू स्वतःच्याच प्रेमात पडतो. मी कुणाचा पैसा बुडवत नाही, मी वेळेवर उठतो, मी कर्ज काढत नाही. अशा माणसाशेजारी बसवत नाही. स्वतःच्या दृष्टीने शहाणा असलेल्यापेक्षा मूर्खाची आशा अधिक, असं सव्विसावा अध्याय म्हणतो. स्तुतीचं काम इथे आहे. शीग चढवताना आज्जीने भजन म्हटलं नसतं तर तीच शीग तिने महिनाभर सगळ्यांना ऐकवली असती.

या शहाणपणाचा गैरवापरही आमच्यातच होतो. आळशी हात दारिद्र्य आणतो, हे वचन मी वडगावच्या हातमागवाल्यांना आणि बीडच्या ऊसतोड टोळ्यांना उद्देशून भाषणात वापरलेलं ऐकलंय. बोलणारे एसीत बसणारे. तेराव्या अध्यायात हेही आहे की गरिबाच्या नांगरलेल्या जमिनीत पुष्कळ पिकतं, पण अन्यायापायी ते नाहीसं होतं. हे वचन कॅलेंडरवर छापलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि जीभ. इथे आम्हा सीमाभागातल्या लोकांची खरी परीक्षा आहे, कारण आमच्याकडे जिभेचाच खटला चालू आहे. १९५६ पासून. १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या रस्त्यावर काळा दिन. वाद पेटला की कोल्हापूरची एसटी कोगनोळीला अडकते आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहते. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, यावर भांडण. मी मराठी माणूस आहे, माझी प्रार्थना मराठीतच होते, स्वप्नंही मराठीत पडतात, आणि मराठी शाळेला, मराठी कागदपत्रांना इथं जी वागणूक मिळते तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. ती मी मागे घेत नाही. पण आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी स्तोत्र टाकणारा हात दुपारी कन्नडिगांच्या आईबहिणीवरून आलेला मजकूर पुढे ढकलतो. आणि पलीकडच्या कन्नड मंडळीतही आमच्याबद्दल असंच काही फिरत असेल, शंका नाही. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय: त्याच जिभेने आपण प्रभूची स्तुती करतो आणि त्याच जिभेने माणसांना शाप देतो, एकाच झऱ्याला गोड आणि कडू पाणी येतं का? नीतिसूत्रांत आणखी एक आहे, तुझ्या पूर्वजांनी घातलेली मेर सरकवू नको. सीमाप्रश्नाच्या सभेत ते कुणीतरी म्हणतंच, टाळ्याही पडतात. पुढच्याच अध्यायात तोच विषय पुन्हा आलाय, तिथे शेत अनाथाचं आहे. भाऊबंदकीत विधवा वहिनीचा बांध रेटणाऱ्यांनीही टाळ्या वाजवलेल्या मी पाहिल्यात.

पहिल्या मंडळीतलं पहिलं जाहीर भांडण भाषेवरूनच झालं, हे आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवत नाहीत. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात त्यांच्या विधवांना डावललं जातं, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं. प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, सगळे इब्री बाजूचे. ते म्हणू शकले असते की भाषा कशाला मध्ये आणता, चला, स्तुती करू. त्यांनी सात माणसं निवडायला लावली, आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटपाची किल्ली दिली. लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं, १९०४ मध्ये ते मेथॉडिस्टांकडे गेलं. दोनशे वर्षं आम्ही मराठी, कन्नड, कोंकणी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या वेळी भक्तीला जातोय आणि ते ठीकच आहे, ज्याला ज्या भाषेत रडू येतं त्याने त्या भाषेत प्रार्थना करावी. पण गरिबांच्या मदतनिधीची वही? ती कुणाच्या भाषेत आहे, आणि तिच्यावर सही कुणाची? त्या गवंड्याला ‘नाळे बा’ म्हणताना मी मुद्दाम कन्नडमध्ये बोललो होतो, आपलेपणा वाटावा म्हणून.

साक्षींबद्दल थोडंसं. देवाने आपल्यासाठी काय केलं ते भक्तीत उठून सांगायचं, ती साक्ष. आमच्याकडे साक्ष म्हणजे नोकरी लागली, व्हिसा आला, गाठ विरघळली. नवऱ्याचं डायलिसिस चालू असताना वर्षभर उपास-प्रार्थना केलेली आणि शेवटी त्याला मातीला दिलेली एक बाई साक्षीला उठली, तेव्हा तिला हळूच सांगण्यात आलं, ‘बाई, उत्तेजनपर असेल ते सांगा.’ ती बसली. स्तोत्र अठ्ठ्याऐंशी अंधारावर संपतं, तेही स्तोत्रसंहितेतच आहे, कुणी त्याला उत्तेजनपर शेवट जोडलेला नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते इथेच, बेळगावात, आमच्या सुवर्ण विधानसौधमध्ये. पुढच्या वर्षी कायदा झाला. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. त्या काळात घरसभांना जाणारे लोक चपला आत काढून ठेवायचे. भीती खोटी नव्हती. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमासाठी कोर्टात जायचं तर जावं, मी वर्गणी देईन. पण गल्लीतला माणूस आमच्याबद्दल मत बनवतो ते कलम वाचून बनवत नाही. तो बघतो की याने घेतलेले पैसे परत केले का, मोलकरणीला आजारपणात पगार दिला का, जामीन राहिला तो निभावला का. ज्याचं नाव ऐकून आम्ही मोठ्याने हालेलूया म्हणतो त्याला गवंड्याने आमच्यावरून ओळखायचं आहे, दुसरा उपाय त्याच्याकडे नाही.

गेल्या वार्षिक सभेत मी दोन ओळींचा ठराव मांडला. मजुरांची बाकी शून्य असल्याशिवाय साउंड, सजावट आणि जेवणावळीवर खर्च करू नये. आणि जी बाकी असेल ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सूचनांबरोबर वाचून दाखवावी. चर्चा झाली. एकाने विचारलं, भक्तीत असले आकडे वाचले तर वातावरण नाही का बिघडणार? दुसऱ्याला शब्द कडक वाटले. पंचांपैकी एकजण समजुतीच्या स्वरात म्हणाले, विचार फार चांगला आहे, पण घाई नको, पुढच्या मीटिंगला घेऊ. सेक्रेटरीने पेन उचलून विचारलं, मग मिनिट्समध्ये काय लिहू?

मागच्या बाकावरून एक मावशी म्हणाल्या, ‘नाळे बा लिहा की.’